इशारा निघाला, पण पोहोचला नाही

#थ्रेड #तंत्रेतिहास

३१ जानेवारी २०१७. जागतिक प्रमाणवेळेनुसार रात्रीचे साडेअकरा वाजत आले होते. जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणाऱ्या गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरवरील डेटाबेसचे फोल्डर पुसण्याची आज्ञा दिली. प्रत्यक्षात ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. एक-दोन क्षणांत चूक ध्यानी आली आणि आज्ञा थांबवली गेली. तोवर सुमारे ३०० जीबी माहितीपैकी जेमतेम साडेचार जीबी उरली होती.

माणसाचा हात चुकतो, म्हणूनच बॅकअप असतो. गिटलॅबकडेही तो होता, निदान तशी सर्वांची समजूत होती. दर चोवीस तासांनी डेटाबेसची प्रत काढून ती ॲमेझॉनच्या एस-थ्री भांडारात ठेवली जावी, अशी योजना होती. त्या रात्री भांडार उघडले, तर ते रिकामे!

डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर चालत होता. प्रत काढण्याचे काम मात्र दुसऱ्या सर्व्हरवर होई. तेथे डेटाबेसच नसल्यामुळे कोणती आवृत्ती वापरायची हे त्या यंत्रणेला उमगत नसे आणि ती ९.२ ची निवड करी. आवृत्त्या जुळत नसत, त्यामुळे त्रुटी नोंदवून काम तेथेच थांबे.

इथवरचे अपयश क्षम्य मानता येईल. असा बिघाड झाला की ईमेल जावा ही तजवीजही केलेली होती. ईमेल निघतही होते. ते कोणाला मिळत नव्हते, इतकेच.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी युनिक्सच्या एका जुन्या रिवाजाकडे वळावे लागते. ठरल्या वेळी ठरलेली कामे उरकणारा ‘क्रॉन’ हा प्रोग्राम. त्याची पॉल व्हिक्सी यांनी १९८७ मध्ये लिहिलेली आवृत्ती पुढे फार मोठ्या प्रमाणावर रूढ झाली. काम चालू असताना जे काही शब्द उमटत, ते क्रॉन मालकाला टपालाने कळवी. हे टपाल पुष्कळदा त्याच यंत्रावरील पेटीत पडे. माजघरातून ओसरीवर निरोप धाडावा, तसा हा प्रकार! निरोप्याची ओळख विचारण्याचे कारणच नव्हते.

पुढे ईमेल वेशीबाहेर पडले आणि त्यामागोमाग तोतयेही आले. दुसऱ्याच्या नावाने पाठवलेली पत्रे ओळखता यावीत म्हणून २०१२ मध्ये ‘डीमार्क’ ही पद्धत जाहीर झाली. पत्र खरोखर त्या नावाच्या धन्याकडूनच आले आहे का, हे घेणारा सर्व्हर तपासतो. खात्री न पटल्यास धन्याच्याच धोरणानुसार ते नाकारू शकतो. गिटलॅबने डीमार्क स्वीकारले होते, पण क्रॉनच्या पत्रांसाठी ते लागू करायचे राहून गेले. परिणामी कंपनीचाच पहारेकरी कंपनीच्या दारात तोतया ठरला आणि घेणाऱ्या सर्व्हरने त्याची पत्रे नाकारली.

साठवणुकीच्या क्षेत्राला हा धोका अपरिचित नव्हता. १९८८ मध्ये पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडली: अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडाव्यात, एक निकामी झाली तरी काम थांबू नये. या सोयीत एक मेख आहे. काम थांबत नाही, म्हणून डिस्क गेल्याचे कोणाला जाणवत नाही. दुसरी जाईपर्यंत सारे आलबेल भासते. येथे इशाऱ्याचे पत्र हाच काय तो आधार. गुरुत्वीय लहरींचे अभ्यासक ब्रूस ॲलन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या ‘स्मार्टमॉनटूल्स’ या डिस्क-तपासणीच्या साधनसंचात म्हणूनच एक साधी सोय आढळते. एक शब्द लिहिला, की देखरेख सुरू होताच चाचणीचे पत्र निघते. बिघाड काहीही नसतो. पत्र हाती पडते की नाही, एवढेच पाहायचे असते. गिटलॅबच्या प्रकरणात बॅकअपच्या वाटेवर असे एक खोटे पत्र कोणी मुद्दाम पाठवले असते, तर रिकामे भांडार आधीच उघडकीस आले असते.

त्या रात्री वाचवले ते योगायोगाने. दुर्घटनेच्या सुमारे सहा तास आधी त्याच अभियंत्याने एका वेगळ्या प्रयोगासाठी डेटाबेसची प्रत हाताने काढून ठेवली होती. ती धीम्या डिस्कवर असल्याने परत आणण्यास सुमारे अठरा तास लागले, आणि गिटलॅबने हे काम यूट्यूबवरून जगाला थेट दाखवले. नंतरच्या अहवालात त्या अभियंत्याचे नाव घातले नाही, हे विशेष नोंदवण्याजोगे. प्रोग्रामरांचा मूळ कोड शाबूत राहिला. मात्र १७:२० ते मध्यरात्र या काळातील डेटाबेसमधील नोंदी कायमच्या गेल्या: सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवे सदस्य.