दोस्तोयव्हस्कीच्या उशाखालचे पुस्तक

टॉलस्टॉय, दोस्तोयव्हस्की आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले ते इंग्रजीतून, नाहीतर इंग्रजीवरून केलेल्या मराठी अनुवादांतून. त्यात एक गोष्ट हातून निसटते. या लेखकांपाशी बायबलच्या भाषा दोन होत्या. एक चर्च स्लाव्हॉनिक, नवव्या शतकातल्या सिरिल आणि मेथोडियस या भावांच्या भाषांतरांतून घडलेली, प्रार्थनेची. दुसरी रोजच्या बोलण्यातली रशियन. 'हस्त' आणि 'हात' यांतला फरक जसा आपल्या कानाला कळतो, तसाच रशियन कानाला 'ग्राद' आणि 'गोरोद' यांतला. अर्थ एकच, शहर.

रशियनमधले बायबल मात्र सुखासुखी आले नाही. तिथल्या बायबल सोसायटीने १८२३ साली नवा करार नुसत्या रशियनमध्ये छापला. १८२६ मध्ये झार पहिल्या निकोलसने सोसायटीच बंद केली. (देवाची वाणी बोलीत आणली की कुणाच्या तरी पोटात दुखतेच!) संपूर्ण रशियन बायबल निघायला १८७६ साल उजाडले.

दरम्यान, १८५० च्या जानेवारीत, सक्तमजुरीवर निघालेल्या दोस्तोयव्हस्कीला सायबेरियातल्या तोबोल्स्क गावी काही स्त्रिया भेटल्या. १८२५ च्या फसलेल्या उठावातल्या हद्दपार कैद्यांच्या त्या बायका. त्यांनी त्याला दिली ती १८२३ चीच प्रत. चार वर्षे ती त्याच्या उशाखाली होती.

आता 'क्राइम अँड पनिशमेंट' (१८६६) पाहा. वेश्या सोन्या खुनी रास्कोलनिकोव्हला लाझरसची कथा वाचून दाखवते. पुस्तक रशियन भाषांतरातले आहे, हे लेखक मुद्दाम नोंदवतो. तिचा आवाज फुटतो, ती अडखळते. स्लाव्हॉनिकच्या घोटीव पठणात हे जमले नसते असे मला वाटते. मासिकाच्या संपादकाला मात्र हे प्रकरण पचले नाही. त्याने ते पुन्हा लिहायला लावले.

टॉलस्टॉयने उलटे केले. 'अ‍ॅना कारेनिना'च्या सुरुवातीच्या अवतरणात सूड घेणे माझ्याकडे, असे देव बजावतो. तिथे 'मी'साठी बोलण्यातला 'या' नाही, स्लाव्हॉनिक 'अझ' आहे. अनुवादात तो साधा 'मी' होतो आणि धाकच जातो.

१८८१ साली, मृत्यूच्या दिवशी, दोस्तोयव्हस्कीने तीच जुनी प्रत सवयीप्रमाणे कुठेतरी उघडली आणि पत्नी अ‍ॅनाला वाचायला सांगितले. बाप्तिस्म्याचा प्रसंग निघाला. येशू योहानाला सांगतो, मला अडवू नकोस. म्हणजे मी जाणार, असा अर्थ त्याने लावला. १८७६ च्या बायबलमध्ये त्या जागी अडवण्याचा शब्दच नाही. आता राहू दे, एवढेच आहे.