पोस्टरवरचा चेहरा, पडद्यावरचा रब्बी

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या वेशीवर येऊन ठेपल्या, तेव्हा मार्सेल दालिओ नावाचा एक नट शहर सोडून निघून गेला. लहान चणीचा, बोलक्या डोळ्यांचा हा माणूस ज्यू होता. झाँ रन्वारच्या 'ग्रँड इल्यूजन' (१९३७) आणि 'रूल्स ऑफ द गेम' (१९३९) या दोन चित्रपटांमुळे फ्रान्समध्ये त्याला सगळे ओळखत. तो अमेरिकेत पोचला, हॉलिवूडमध्ये पडतील ती किरकोळ कामं करू लागला. 'कासाब्लांका'त जुगाराच्या टेबलावर चाक फिरवणारा माणूस आठवतो का? तोच हा.

दालिओ गेला, पण त्याचा चेहरा पॅरिसमध्ये राहिला. नाझींनी त्याचं छायाचित्र भित्तिपत्रकांवर छापलं, ज्यू कसा दिसतो याचा नमुना म्हणून! काल ज्या चेहऱ्यासाठी लोक तिकीट काढत होते, तोच आज लोकांनी ओळखून ठेवावा म्हणून भिंतीवर लागला. फ्रान्समधून त्या काळात सुमारे ७६ हजार ज्यूंना छावण्यांकडे पाठवलं गेलं. परत आले ते अडीच हजारांच्या आसपास. दालिओचे आईवडील छावणीतच संपले.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मला बोलायचंय ते एका विनोदी चित्रपटाबद्दल, आणि त्याचं हसू कुठल्या जमिनीतून उगवलंय ते माहीत असलेलं बरं. चित्रपटाचं नाव 'रब्बी जाकोबची साहसं', साल १९७३. त्यातला न्यूयॉर्कहून पॅरिसला येणारा खराखुरा रब्बी जाकोब म्हणजे हाच दालिओ. तेव्हा तो त्र्याहत्तर वर्षांचा होता.

दिग्दर्शक जेरार उरी हाही ज्यू. वडील रशियातून आलेले व्हायोलिनवादक. युद्धात ज्यूंविरुद्धचे कायदे आले, तेव्हा त्याला स्वित्झर्लंडमध्ये आसरा घ्यावा लागला. पुढे त्यानं विनोदी चित्रपट काढले, आणि १९६६ मधल्या एकाची तर फ्रान्समध्ये एक कोटी सत्तर लाखांवर तिकिटं खपली. त्याचा हुकमी नट होता लुई द फ्युनेस. टकलू, ठेंगू, सतत चिडलेला, चेहऱ्याचे हजार आकार करणारा. फ्रान्समधल्या साध्या कुटुंबाचा हा लाडका माणूस, घरी मात्र निष्ठावान कॅथलिक.

उरीनं मुलीच्या, दानिएल टॉम्प्सनच्या, साथीनं कथा लिहिली आणि यात एक हुशारी केली. ज्यू लोभी, कपटी, पैशाच्या मागे धावणारा, हा युरोपातला शेकडो वर्षांचा ठसा. नाझींनी तर सिनेमाच वापरून तो आणखी गडद केला होता. १९४० चा 'ज्यू झ्यूस' हा त्याचा कुप्रसिद्ध नमुना. उरीनं या ठशाला उत्तर म्हणून एखादा सद्गुणी, दुःखी ज्यू नायक उभा केला नाही. त्यानं पैसेवाला, आरडाओरडा करणारा, स्वार्थी माणूस दाखवला तो व्हिक्टर पिव्हेर हा फ्रेंच कॅथलिक कारखानदार, आणि ज्यू दाखवला तो त्याचा मोटार चालवणारा, पगारावर जगणारा सालोमन.

पिव्हेरला सगळ्यांचाच राग. वाहतूक तुंबली की इंग्रजांना शिव्या, जर्मनांना शिव्या. शेजारच्या गाडीत काळा नवरदेव आणि गोरी नवरी दिसल्यावर तर तो उसळतोच. तेवढ्यात एका गाडीच्या धुरानं त्याचंच तोंड काळं होतं. मग त्याला कळतं की आपला ड्रायव्हर ज्यू आहे. वर्षानुवर्षं शेजारी बसलेला माणूस! काका रब्बी आहे म्हणजे तोही ज्यू, सगळं घरच ज्यू, हे ऐकताना पिव्हेरचा चेहरा पाहण्यासारखा होतो. शेवटी मोठ्या औदार्यानं तो सांगतो, काही हरकत नाही, तरीही तुला नोकरीवर ठेवतो. या 'तरीही'वर थिएटर हसतं. मला वाटतं, त्या हशातले काही लोक स्वतःलाच हसत असणार.

पुढे गाडी उलटून तळ्यात पडते. तेवढ्यात शुक्रवारचा सूर्य मावळतो आणि सालोमन शांतपणे सांगतो, शब्बाथ सुरू झाला, आता काम बंद. पिव्हेर त्याला तिथल्या तिथे नोकरीवरून काढतो.

हा प्रसंग मी पहिल्यांदा पाहिला तो एका मित्राच्या घरी, खालच्या इंग्रजी ओळी वाचत, आणि मला आठवली माझी नानी. ती रेवदंड्याकडची. तिथल्या बेने इस्रायल मंडळींना सगळं गाव 'शनवार तेली' म्हणे. तेलाचा घाणा हा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. नानी सांगायची, लहानपणी घरात शुक्रवारीच आठवण व्हायची, तेल आणून ठेवा, उद्या तेली देणार नाही. यात कुणाला चीड नव्हती. जुम्म्याच्या दुपारी आमचं दुकान बंद, तसं त्यांचं शनिवारी. पिव्हेरला जे बिघडलेलं यंत्र वाटलं, त्यावरून कोकणातल्या माणसांनी एका जमातीला नाव दिलं, आणि काम भागवलं.

गाडी नाही, ड्रायव्हर नाही, असा पिव्हेर मदत शोधत एका च्युइंगमच्या कारखान्यात शिरतो. तिथे एका अरब देशाच्या हस्तकांनी स्लीमान या बंडखोर नेत्याला पळवून आणलेलं असतं. (मोरोक्कोचा विरोधी पुढारी बेन बारका याला १९६५ मध्ये पॅरिसच्या भर रस्त्यातून पळवलं गेलं. त्याचं प्रेतही मिळालं नाही. फ्रेंच प्रेक्षकाला ते लगेच आठवलं असणार.) हिरव्या गोंदासारख्या राबड्यात सगळेच पडतात, तिथून पळापळ, आणि विमानतळावर पिव्हेर आणि स्लीमान दोन रब्बींचे कपडे चढवतात. दाढी, कानांवरच्या लांब बटा, काळी टोपी. पोस्टरवाल्यांनी ज्या खुणांची भीती घातली, त्याच खुणा आता त्या भीतीवर पोसलेल्या माणसाच्या अंगावर! ज्यू वस्तीतले लोक त्याला रब्बी जाकोब समजून मिठ्या मारतात, जेवू घालतात, नाचायला ओढतात. त्या नाचासाठी द फ्युनेसनं इलान झावी या नृत्यदिग्दर्शकाकडे तालीम घेतली होती. आधी बावरलेले पाय हळूहळू तालात येतात, आणि चेहऱ्यावरची आठी जाते. तो माणूस नाटक करतोय की खरंच रमलाय, हे त्यालाही कळेनासं होतं.

स्लीमान आणि सालोमन समोरासमोर येतात, तेव्हा पिव्हेरच म्हणतो की तुम्ही लांबचे भाऊबंद दिसता. दोघे हात मिळवतात. नाव एकच आहे हो, आमच्याकडचा सुलेमान! तरी एक गोष्ट मला खटकते. स्लीमान झाला क्लोद जिरो हा फ्रेंच नट, खलनायक फारेस झाला रेन्झो मोंतान्यानी हा इटालियन. ज्यू रब्बीसाठी उरीला ज्यू चेहरा सापडला, अरबांच्या या दोन मोठ्या भूमिकांसाठी अरब चेहरा सापडला नाही.

चित्रपट लागला १८ ऑक्टोबर १९७३ ला. त्याच्या बारा दिवस आधी इजिप्त आणि सीरियाचं इस्रायलशी युद्ध पेटलं होतं. लागण्याच्याच दिवशी दानिएल क्रावेन या बाईनं पॅरिसहून नीसला निघालेलं एअर फ्रान्सचं विमान बंदूक दाखवून ताब्यात घेतलं. मागण्यांपैकी एक होती, हा चित्रपट दाखवू नका. विमान मार्सेयला उतरलं, तिनं प्रवाशांना जाऊ दिलं, आणि नंतर आत शिरलेल्या पोलिसांच्या गोळीनं ती गेली. तिचा नवरा जॉर्ज क्रावेन याच चित्रपटाची प्रसिद्धी सांभाळत होता. मनानं ती फार खचलेली होती, असं म्हणतात. ही एवढी घटना त्या सगळ्या हास्याच्या शेजारी ठेवली की कुठे हसावं तेच कळत नाही.

तरीही चित्रपट चालला. फ्रान्समध्ये सत्तर लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. द फ्युनेसनं पुढे कबूल केलं की या कामानं माझंही मन धुऊन निघालं. ज्या रोझिए गल्लीची गोष्ट सांगितली, त्याच गल्लीतल्या एका ज्यू खाणावळीवर १९८२ च्या ऑगस्टमध्ये हल्ला झाला आणि सहाजण मेले. चित्रपटानं द्वेष संपवला, असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे.

दालिओ १९८३ मध्ये वारला. चित्रपटाच्या सुरुवातीलाच तो दिसतो, न्यूयॉर्कमधली त्याच्या वस्तीची माणसं त्याला निरोप द्यायला रस्त्यात जमलेली. मग टॅक्सी सुटते, आणि रब्बीची दाढी लावलेला तोच चेहरा हसत हसत पॅरिसकडे निघतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)