नमलॉकची वही

आमच्या सोसायटीचे हिशेब काका पाहतात. उभी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली, त्यामुळे त्यांचा उजवा हात आकड्यांच्या कळांवर न बघता चालतो. त्यांच्या जुन्या संगणकावर मी लिनक्स घालून दिलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला, "अरे, हा पासवर्ड घेतच नाही!" जाऊन पाहिलं. पासवर्ड सगळा आकड्यांचा. काका टकाटक कळा दाबत होते आणि पडद्यावर एकही ठिपका उमटत नव्हता. नमलॉकचा दिवा बंद होता. "मग हा रोज मी लावायचा का?" काकांचा प्रश्न रास्त होता, पण उत्तरासाठी बरंच मागे जावं लागतं.

वर ७-८-९ आणि खाली १-२-३ ही मांडणी बेरजेच्या यंत्रांची. अमेरिकेत संडस्ट्रँडचं दहा कळांचं यंत्र १९१४ च्या सुमारास आलं. तोवरच्या बहुतेक यंत्रांवर एकं, दहं, शतं अशा प्रत्येक स्थानाला नऊ कळांचा वेगळा उभा रकाना असे. दहा कळा एका पंजाखाली आल्या आणि नजर कागदावर ठेवून आकडे मारता येऊ लागले.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, तो ८३ कळांचा कीबोर्ड घेऊन. बाणांना वेगळी जागा नव्हती, म्हणून आकड्यांच्याच कळांवर दुसरं काम लादलं. ८ वर वरचा बाण, ७ वर होम, १ वर एंड. ५ च्या वाट्याला काहीच आलं नाही. यातलं कुठलं काम चालू, हे ठरवणारी कळ म्हणजे नमलॉक. त्या कीबोर्डवर दिवाही नव्हता. आकडा उमटतो की कर्सर पळतो, हे दाबूनच कळायचं. दिवे आले १९८४ च्या पीसी-एटीबरोबर.

खरी मेख मात्र वेगळीच आहे. कीबोर्ड फक्त 'ही कळ दाबली, ही सोडली' एवढंच कळवतो. आकडा घ्यायचा की बाण, याची नोंद संगणकाच्या मेमरीत असते आणि दिवाही संगणकाच्या हुकमाने लागतो. कळ इथे, वही तिथे. म्हणून कीबोर्डचा ताबा जो घेईल, तो आपली नवी वही उघडतो.

१९८६ मध्ये आयबीएमच्या पीसींना १०१ कळांचा कीबोर्ड मिळाला. बाणांना स्वतःची जागा झाली, नमलॉकचं मूळ कारण संपलं, कळ मात्र राहिली. आता वाद उरला तो सुरुवातीला दिवा चालू असावा की बंद, एवढाच. संगणक सुरू करणाऱ्या बायोसमध्ये त्यासाठी पर्याय आला. एमएस-डॉस ६ मध्ये कॉन्फिग फाइलीत एक ओळ लिहिता येऊ लागली.

लिनक्समध्ये वह्या वाढतच गेल्या. काळ्या पडद्यावरच्या प्रत्येक कन्सोलची नोंद वेगळी, म्हणून नमलॉक लावणारी 'सेटलेड्स' ही आज्ञा संगणक सुरू होतानाच एकेका कन्सोलला द्यावी लागे. चित्रमय पडदा एक्स सर्व्हर या प्रोग्रॅमच्या हाती गेला, तर त्याची नोंद आणखी निराळी. मग केडीई या डेस्कटॉपच्या लुबोश लुन्याक यांनी 'नमलॉकएक्स' हा चिमुकला प्रोग्रॅम लिहिला. त्याचं मुख्य काम एवढंच, की एक्सला नमलॉक चालू करायला लावायचं. लोकांनी तो आधी एक्स सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या 'एक्सइनिटआरसी' फाइलीत आणि पुढे ऑटोस्टार्टच्या फोल्डरमध्ये ठेवला.

'कायम चालूच का ठेवत नाहीत?' असं कोणीही विचारेल. त्याचं एक कारण लहान लॅपटॉप. त्यांच्यातल्या अनेकांवर आकड्यांची चौकट अक्षरांतच दडवलेली असे. जे, के, एल या कळांवर १, २, ३ आणि यू, आय, ओ वर ४, ५, ६. नमलॉक चालू असला की तिथे नाव लिहितानाही आकडे पडायचे.

ऑटोस्टार्टलाही एक मर्यादा आहे. ते चालतं लॉगिन झाल्यावर, आणि काकांना आकडे हवेत लॉगिनच्या आधी. किल्ली घरात आणि कुलूप दाराला. म्हणून लॉगिनच्या पडद्याला वेगळं सांगावं लागतं. हा पडदा दाखवणारे प्रोग्रॅम वेगवेगळे: एसडीडीएमच्या फाइलीत नमलॉकची एक ओळ असते, लाइटडीएमला पडदा उघडताना चालवायची आज्ञा देता येते. आता एक्सच्या जागी येणाऱ्या वेलँडमध्ये कीबोर्ड पडदा रचणाऱ्या प्रोग्रॅमच्या, म्हणजे कंपोझिटरच्या ताब्यात असतो, बाहेरच्या प्रोग्रॅमला तिथे लुडबुड करू देत नाहीत. नमलॉकएक्सचा उपाय तिथे लागू पडत नाही. केडीई आणि ग्नोम या डेस्कटॉपांच्या स्वतःच्या सेटिंगमध्येच सांगावं लागतं.

काकांच्या संगणकावर मी दोन्हीकडे नोंद केली, लॉगिनच्या पडद्याला एक आणि डेस्कटॉपला एक. पुन्हा सुरू केल्यावर नाव-पासवर्डचा पडदा येताच दिवा लागला. सगळी वंशावळ ऐकून काका म्हणाले, "म्हणजे खातं एकच, पण केवायसी दर खिडकीवर नव्याने," आणि मेंटेनन्सच्या पावत्या मारायला बसले.