देवगिरीचा पाडाव आणि स्मृतीतून उभा राहिलेला ग्रंथ

राज्यक्रांतीच्या काळात वाङ्मय नष्ट होते, हे विधान सामान्यतः खरे मानले जाते. तथापि ते कोणत्या मार्गाने वाचते आणि वाचताना त्याचे रूप कसे बदलते, हा प्रश्न इतिहासाच्या व पाठचिकित्सेच्या अभ्यासकास अधिक महत्त्वाचा वाटावा. छत्रपती संभाजीनगराजवळील देवगिरीच्या परिसरात या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण आढळते.

इ. स. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. पुढे मलिक काफूरच्या मोहिमा झाल्या आणि १३१८ च्या सुमारास हरपालदेवाच्या वधाने यादवसत्ता संपुष्टात आली. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तेथेच आपली राजधानी आणली. १३४७ मध्ये बहामनी राज्याची स्थापनाही तेथेच झाली. अवघ्या अर्धशतकात एका प्रदेशाचा राज्याश्रय इतक्या वेळा पालटला.

या उलथापालथीच्या थोडे आधी, १२७८ च्या सुमारास, म्हाइंभटांनी ऋद्धिपूर येथे नागदेवाचार्यांच्या साह्याने चक्रधरस्वामींच्या आठवणी संकलित केल्या. पैठण, वेरूळ इत्यादी स्थळी घडलेल्या प्रसंगांचा हा संग्रह म्हणजेच ‘लीळाचरित्र’ होय. महानुभाव परंपरेनुसार खिलजी स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली. त्यानंतर हिराइसा, परशरामबास आदी अनुयायांनी ज्याच्या त्याच्या स्मरणाप्रमाणे ग्रंथ पुन्हा सिद्ध केला. त्यामुळे आज त्याचे अनेक पाठ उपलब्ध असून पाठभेद व्यक्तीच्या नावासह नोंदविलेलेही दिसतात.

याच्याशी तुलना करण्याजोगी घटना प्राचीन चीनमध्ये घडली. दीर्घकाळ परस्परांशी लढणारी राज्ये जिंकून छिन सम्राटाने चीन एकछत्री केला आणि इ. स. पू. २१३ मध्ये ग्रंथदहनाची आज्ञा दिली. ‘शी-चिंग’ हा ३०५ कवितांचा प्राचीन संग्रह त्या आज्ञेच्या तडाख्यात सापडला. तो टिकला याचे कारण हान काळातील इतिहासकार बान गू याने दिले आहे : कविता केवळ बांबूच्या पट्ट्यांवर व रेशमावर नव्हत्या, त्या लोकांच्या मुखी होत्या. पुढे हान काळात लू, छी, हान आणि माओ अशा चार परंपरांतून हा संग्रह प्रकट झाला. त्यांपैकी माओ परंपरा तेवढी संपूर्ण रूपात उरली.

दोन्ही ठिकाणी पोथी गेली आणि स्मृती उरली. परंतु साम्य येथेच थांबते. चीनमध्ये हान राजसत्तेने या परंपरांच्या अध्यापकांना मान्यता दिली, आणि स्मृतीतून आलेला संग्रह सार्वजनिक अध्ययनाचा विषय झाला. महानुभावांना असा आश्रय मिळाला नाही. त्यांनी चौदाव्या शतकात सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींचा अवलंब केला. ग्रंथांचे रक्षण झाले. पण त्याची किंमत अशी की, पंथाबाहेरील मराठी वाचक आपल्या भाषेतील आद्य गद्यग्रंथास शतकानुशतके मुकला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे प्रभृती संशोधकांनी लिपीचा उलगडा केल्यावरच ही कोंडी फुटली.

यातून संपादनाविषयी एक निष्कर्ष निघतो. ‘लीळाचरित्रा’चे पाठभेद म्हणजे केवळ लेखनिकांचे प्रमाद, असे समजून त्यांतून एकच ‘शुद्ध’ पाठ काढण्याचा आग्रह धरणे योग्य ठरणार नाही. ज्या ग्रंथाची पुनर्घटना अनेकांच्या स्मरणातून झाली, त्याच्या पाठभेदांत भिन्न माणसांची साक्ष दडलेली असते. कोणास काय आठवले आणि कोणास काय वेगळे आठवले, हेही देवगिरीच्या पाडावानंतरच्या समाजाच्या इतिहासाचे साधन होय. तळटीपेत ढकललेला पाठ पुष्कळदा याच साधनाचा एक तुकडा असतो, याचे भान संपादकाने ठेवावयास हवे.