मेंदूतील रक्तस्राव : गणना आणि बचाव

जुनी मराठी चरित्रे चाळताना अर्धांगवायूच्या झटक्याचा उल्लेख वारंवार आढळतो. परंतु त्यावरून मेंदूतील रक्तस्राव पूर्वी किती होत असे, हे काढू पाहणाऱ्याची निराशाच होते. रक्तवाहिनी गुठळीने बुजली काय किंवा फुटून मेंदूत रक्त सांडले काय, बाहेरून दिसणारे लक्षण पुष्कळदा एकच : अर्धे अंग लुळे पडणे. महात्मा जोतीराव फुल्यांचेच उदाहरण घ्या. १८८८ साली त्यांचे उजवे अंग निकामी झाले. तरी त्या करारी पुरुषाने डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' हा ग्रंथ सिद्ध केला. १८९० च्या नोव्हेंबरात ते निवर्तले. इजा मेंदूच्या डाव्या भागास झाली होती, इतके त्यावरून समजते. ती कोणत्या जातीची, हे पुण्यातीलच काय, लंडनमधील डॉक्टरासही तेव्हा खात्रीने सांगता आले नसते.

खात्री होई ती शवविच्छेदनाने. अशा झटक्याच्या मुळाशी मेंदूतील रक्तस्राव असू शकतो, हे स्वित्झर्लंडच्या वेपफर या वैद्याने १६५८ सालीच दाखविले होते. पण शवविच्छेदन किती मृतांचे होणार! जपानात मृत्यूच्या दाखल्यांवर रक्तस्राव गुठळीच्या कित्येक पटींनी अधिक दिसे. १९६१ साली हिसायामा येथे त्याची छाननी सुरू झाली, तेव्हा आढळले की दाखल्यांनी रक्तस्रावाच्या खाती पुष्कळ परके मृत्यू घातले होते. जुन्या आकड्यांतील उतार हा काही अंशी रोगाचा नसून नावाचा आहे, असे म्हणणे म्हणूनच भाग पडते.

तथापि सारा उतार नावाचाच, असे मात्र नव्हे. रक्तदाब मोजण्याचे पट्ट्याचे यंत्र १८९६ साली निघाले, पण दाब उतरविण्याचे खात्रीचे औषध नव्हते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी तो ३००/१९० भरला. उत्तमोत्तम वैद्य हाताशी असूनही हात रिकामे! चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील अनुभव एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला. आमच्या वैद्यांच्या बटव्यातील ही मुळी तेव्हा जगाच्या ध्यानात आली. तिच्यामागून अधिक सोयीची औषधे आली, हा भाग निराळा.

आमच्या औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली निघाले. त्याचे 'घाटी' रुग्णालय मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. परंतु जिवंत माणसाच्या मेंदूतील सांडलेले रक्त डोळ्यांनी पाहण्याची सोय त्यापुढे पंधरा वर्षे जगात कोठेच नव्हती. सीटी स्कॅनची पहिली रुग्णपरीक्षा १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनला झाली. खरी गणना तेथून पुढची. मुंबईत २००५-०६ साली झालेल्या पाहणीत पंचविशीपुढील लोकांत दर लाखी वर्षाला सुमारे १४५ जणांस प्रथमच झटका आला; त्यांत रक्तस्रावाचे सुमारे १८ टक्के. सर्व प्रकारच्या झटक्यांतील सुमारे ३० टक्के रोगी अठ्ठावीस दिवसांत दगावले.

ऑक्सफर्डच्या आसपासच्या वस्तीत १९८१ नंतरच्या व २००२ नंतरच्या पाहण्यांची तुलना झाली. पंचाहत्तरीच्या आतील लोकांत रक्तस्राव बराच घटला होता. त्यापुढील वयात मात्र घटला नव्हता, आणि त्या वृद्धांत रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा वापर वाढला होता. हृदय राखावयास दिलेले औषध कधी मेंदूवर उलटते, ही आधुनिक वैद्यकाची एक विचित्र कोंडी होय.

बचावाची कथा अधिक उदास. अनेक देशांतील १९८० पासूनच्या पाहण्या एकत्र करून २०१० साली हिशेब मांडला गेला, तेव्हा महिन्याभरात मरण पावणारे सुमारे ४० टक्केच निघाले. अडीच तपांत त्यात लक्षणीय फरक नव्हता. पहिली आशादायक वार्ता २०२३ ची. भारतासह दहा देशांतील सात हजारांवर रोग्यांपैकी एका गटाचा दाब तासाभरात १४० च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला, साखर व ताप आवरले, रक्त पातळ झाले असल्यास ते सावरले. आणि सहा महिन्यांतील मृत्यू कमी झाले. यास अजब यंत्र लागत नाही. मात्र त्या प्रयोगात घेतलेले रोगी झटक्यापासून सहा तासांच्या आत रुग्णालयात आलेले होते. आणि सोयगाव-कन्नडकडील वाडीवरून रात्री निघालेल्या रोग्यास घाटी गाठेपर्यंत त्यांतले किती तास उरतात, हे येथील वाचकांस सांगावयास नको.