बडोद्यात प्रोसेसर ओव्हरक्लॉक करावा का?

बडोद्यात मे महिन्यात पारा ४० अंशांपुढे जातो. साधा पंख्याचा किंवा पाण्याचा कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड ठेवू शकत नाही. म्हणून डिसेंबरात नीट चाललेलं सेटिंग उन्हाळ्यात हँग होऊ शकतं. वेगासाठी बहुधा व्होल्टेज चढवावं लागतं, आणि ते ५ टक्के वाढलं की नुसत्या त्यानेच वीज व उष्णता सुमारे १० टक्के वाढते. इंटेलमध्ये ही सोय मुख्यतः ‘के’ मॉडेलना आहे. एएमडीच्या बहुतेक रायझनमध्ये ती असते, पण त्यातून चिप बिघडली तर वॉरंटी मिळत नाही. नवे प्रोसेसर तसेही गरजेनुसार स्वतःच वेग वाढवतात. टॅली-एक्सेलसाठी हा खटाटोप कशाला? जुन्या पीसीत हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर फरक लगेच दिसतो.