नाताळचं बिस्किट कोणाच्या हातचं? एका चुकलेल्या वाक्याची गोष्ट

मागच्या महिन्यात माझ्या प्रकरणाचा मसुदा गाइडकडून परत आला. त्यात एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. वाक्य असं होतं : "मिशनऱ्यांबरोबर बिस्किट वऱ्हाडात आलं आणि नाताळच्या फराळाचा भाग झालं." बाजूला चारच शब्द लिहिलेले : "कोणी भाजलं? कोणी खाल्लं?"

आधी मला रागच आला. इतकं साधं वाक्य, त्यात काय एवढं? पण पुरावा शोधायला बसले तेव्हा लक्षात आलं, की या वाक्याला माझ्याकडे एकही आधार नाही. ते मला "माहीतच" होतं, म्हणून लिहिलं होतं. पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या टिपणांत अशी वाक्यं असणार. म्हणून ही चूक कशी सापडली आणि तिच्यामुळे माझा प्रश्न कसा बदलला, ते आज सांगते.

डबा

माझं लहानपण कौंडण्यपूरचं. वर्धा नदीच्या काठावरचं, तिवसा तालुक्यातलं गाव. रुक्मिणीचं माहेर म्हणून लोक ओळखतात, आषाढीला इथून पालखी पंढरपूरला जाते. आमच्या शाळेत एक ख्रिस्ती बाई शिकवायच्या. डिसेंबरच्या सुट्टीआधी त्या स्टीलचा डबा घेऊन घरोघरी जायच्या. आमच्याही घरी यायच्या. डब्यात शंकरपाळे, करंज्या, थोडा चिवडा आणि वर घरी भाजलेली बिस्किटं. जाडसर, कडा थोड्या करपलेल्या, वेलचीचा वास असलेली.

आम्ही पोरं त्या बिस्किटांवर तुटून पडायचो. आजी मात्र खात नसे. "मले गोड चालत नाही," म्हणायची. पण दुपारच्या चहात तीच आजी दुकानातलं ग्लुकोजचं बिस्किट बुडवून खायची. त्या वयात मला यात काही विसंगत दिसलं नाही. पेन्सिलीतले ते चार शब्द वाचले आणि पहिल्यांदा हीच आठवण वर आली.

बिस्किटावरून झालेला खटला

आजीचं वागणं ही फक्त आमच्या घरातली गोष्ट नव्हती. पाव आणि बिस्किट यांच्याभोवती एकोणिसाव्या शतकात केवढं वादळ उठलं होतं, हे कागदोपत्री सापडतं.

मुंबईत १८४९ मध्ये परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडू पाहणाऱ्यांची ही गुप्त संघटना. सभासद होताना परजातीच्या, परधर्माच्या माणसानं केलेला पाव खावा लागे. म्हणजे पावाचा एक तुकडा ही प्रतिज्ञा होती. पुढे सभासदांची नावं बाहेर फुटल्यावर ही सभा टिकली नाही. बंगालमध्ये राजनारायण बसूंनी १८४० च्या दशकात ब्राह्म धर्म स्वीकारला, तेव्हा आपण जात मानत नाही हे दाखवायला शेरी आणि बिस्किटं घेतली. तसं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे.

सगळ्यात गाजलेलं प्रकरण पुण्याचं. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. बोलावणं करण्यामागे होते गोपाळराव जोशी, डॉ. आनंदीबाई जोशींचे पती. न्या. रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेक प्रतिष्ठित माणसं हजर होती. मिशनतर्फे चहा-बिस्किटं आली. कोणी घेतली, कोणी नुसता कपाला हात लावला. नंतर गोपाळरावांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं सांगितली गेली. आपण काशीत प्रायश्चित्त घेतलं असल्याचं टिळकांनी सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांमध्येच त्यांच्यावर टीका झाली. रमाबाई रानडे यांच्या १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हे प्रकरण घराच्या आतून दिसतं. एका कप चहामुळे नातीगोती आणि घरातली कार्यं कशी अडतात, हे समजायला तो भाग जरूर वाचा.

आता थोडं थांबून बघा. या सगळ्या वादात बिस्किटाच्या चवीबद्दल कोणी बोलत नाही. ते विलायती आहे की देशी, हाही खरा मुद्दा नाही. मुद्दा एकच : ते कोणाच्या हातून आलं?

मग पाकीटबंद बिस्किट कसं चाललं?

इथे मला आजीच्या दुपारच्या चहाचं उत्तर मिळालं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. नावातच सगळं आलं. गिऱ्हाइकाला खात्री हवी होती ती मैद्याची नव्हे, हातांची. पुढे कारखाने वाढले. मुंबईत विलेपार्ल्याच्या पार्लेनं १९३९ मध्ये बिस्किटं काढायला सुरुवात केली. यंत्रातून निघालेल्या, कागदात गुंडाळलेल्या बिस्किटाला हात दिसत नाहीत. ते कोणी मळलं, कोणी भाजलं, हे विचारायची सोयच राहत नाही. म्हणून ते देवघराजवळ बसूनही खाता येतं.

बाईंच्या डब्यातल्या बिस्किटाला मात्र हात होते, आणि ते कोणाचे हे सगळ्या गावाला माहीत होतं. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत. धर्म बदलला तरी गावाच्या नजरेतली जात बदलतेच असं नाही. आजी नाताळाला नाही म्हणत नव्हती, ती त्या हातांना नाही म्हणत होती. हे लिहिताना मला त्रास होतो, कारण ती माझी आजी आहे आणि माझ्यावर तिची फार माया होती. पण आपल्या घरातला पुरावा फक्त गैरसोयीचा आहे म्हणून बाजूला ठेवला, तर दुसऱ्याच्या घरात जाऊन प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला राहत नाही.

कागद कुठे बोलतात, कुठे गप्प बसतात

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत इथे मिशनची कामं वाढली. अकोला हे त्यांतलं एक महत्त्वाचं केंद्र होतं. १९०० साली 'द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहूड' हे पुस्तक लिहिणाऱ्या जेनी फुलर अकोल्यातच काम करत होत्या. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर अनाथ मुलांना सांभाळण्याचं काम मिशनांवर येऊन पडलं.

अशा मिशनांच्या अहवालांत शाळा, मुलं, बाप्तिस्मे, खर्च हे सगळं असतं. पण अहवाल कोणासाठी लिहिला जातो, हे विसरायचं नाही. तो लिहिला जायचा परदेशातल्या वर्गणीदारांसाठी. त्यांना किती मुलं शिकली हे कळायला हवं होतं. एखाद्या ख्रिस्ती बाईनं शेजारणीकडे कोणता फराळ पाठवला, हे कशाला कळायला हवं? सरकारी गॅझेटियरचंही तेच. लायलचं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर असो की १९११ चं अमरावती जिल्ह्याचं, त्यांत पीकपाणी, जाती, बाजार सापडतात. डब्याची ये-जा सापडत नाही.

याची गाण्यांशी तुलना करून बघा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग, ओवी, भजन या आपल्या मातीतल्या घाटात ख्रिस्ती उपासना आणली. त्यांची पदं 'उपासना संगीत'मध्ये छापलेली आहेत, मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. इथे कर्ता आहे, साल आहे, छापील पान आहे. म्हणून यावर प्रबंध लिहिता येतो. पण हेच काम स्वयंपाकघरातही झालं. नाताळच्या ताटात करंजी, चकली, शंकरपाळे आले, म्हणजे दिवाळीचा फराळ नाताळाला बसवला गेला. ते करणाऱ्या बायकांनी कुठे सही केली नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मोलाची ठरतात ती यासाठीच. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या बाईला दुसऱ्याच्या हातचं पाणी घेईपर्यंत आतून किती चालावं लागलं, हे त्या स्वतःच्या शब्दांत सांगतात. पण 'स्मृतिचित्रे' एकच आहे. बाकीच्यांकडे जाऊन विचारावं लागतं.

वर्धेची वाळू

म्हणून मी त्या बाईंना भेटायला गेले. आता त्या निवृत्त आहेत, अमरावतीला राहतात. मी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही बिस्किटं मिशनमध्ये शिकलात का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मिशनात कायची? बेकरीवाल्या चाचाच्या इथं."

दिवाळीत तुम्हीही पाहिलं असेल. लोक घरून रवा, मैदा, साखर, तूप नाहीतर डालडा घेऊन बेकरीत जातात, किलोमागे पैसे देतात आणि भाजलेली बिस्किटं, नानखटाई पिप्यात भरून आणतात. बाईंची आई असंच करायची. भट्टी मुसलमानाची, सामान ख्रिस्ती घरचं, आणि रांगेत पुढेमागे हिंदू बायका. बाईंनी तिथे बघून बघून हात बसवला. कौंडण्यपूरला बदली झाली, तिथे बेकरी नव्हती. मग जर्मनच्या मोठ्या पातेल्यात नदीची वाळू घातली, चुलीवर तापवली, वर ताटली ठेवून त्यात बिस्किटं मांडली आणि झाकणावर निखारे. "वाळू आदी चांगली तापू द्या लागे," त्या म्हणाल्या. "घाई केली का खालून जयते अन् वरून कच्चंच राह्यते."

आता माझं ते वाक्य परत वाचा. "मिशनऱ्यांबरोबर बिस्किट आलं." यात बेकरीवाले चाचा नाहीत, बाईंची आई नाही, वर्धेची वाळू नाही. 'नाताळ' आणि 'पाव' हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले, 'नानखटाई'मध्ये फारसी 'नान' आहे. या व्युत्पत्त्या खऱ्या आहेत. पण शब्द कुठून आला हे कळलं म्हणजे पदार्थ या घरात कसा पोचला हे कळत नाही. मी "उगम" शोधत होते. विचारायला हवा होता "प्रवास", आणि तोही हातांचा.

अर्थात एका बाईंच्या आठवणीवरून सगळ्या वऱ्हाडाबद्दल बोलता येणार नाही. ती एक मुलाखत आहे. तिनं मला निष्कर्ष दिला नाही, पुढच्या घरी कोणते प्रश्न न्यायचे ते दिलं. ते प्रश्न असे : सामान कोणी आणलं? भट्टी कोणाची? डबा कोणाकोणाकडे गेला? कोणाकडे गेलाच नाही? आणि सगळ्यात महत्त्वाचं, डबा परत कसा आला?

हा शेवटचा प्रश्न मी आधी यादीत घेतलाच नव्हता. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत. मी उठता उठता सहज विचारलं, आमच्या घरून डबा कसा यायचा? बाई म्हणाल्या, "तुह्या आजीनं कधीच रिकामा नाही धाडला. गुळाचा खडा, शेंगदाणे, कधी तूर. आम्ही सगळं खाल्लं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तिनं आमचं खाल्लं का नाही, ते मी कधी विचारलं नाही."

मला उत्तर माहीत होतं. मी सांगितलं नाही. रेकॉर्डर चालू होता आणि मी गप्प बसले, हेही त्या मुलाखतीच्या टिपणात लिहून ठेवलं आहे.

मसुद्यातलं वाक्य मी काढून टाकलं. त्या जागी आता प्रश्न आहे, आणि येत्या डिसेंबरात तो घेऊन मी अमरावती, अकोला आणि अचलपूरच्या घरांत जाणार आहे. तुमच्या मसुद्यातलं असं एखादं "माहीतच असलेलं" वाक्य आज शोधा. त्याखाली रेघ मारा आणि बाजूला लिहा : कोणी केलं, आणि कोणी घेतलं?